पडदा कोणाचा? ब्रिटनमधील अपंग हक्क-चळवळ, कला आणि आंतरजालावरील महोत्सव (१९७२–२०२१)

प्रस्तावना

जानेवारी २०२१ मध्ये लंडनच्या साउथबँक सेंटरचा ‘अनलिमिटेड’ हा अपंग कलावंतांचा महोत्सव भरला, तेव्हा त्या कलाकेंद्राची दारे बंद होती. कोरोनाच्या साथीमुळे इंग्लंडमध्ये तिसऱ्यांदा देशव्यापी टाळेबंदी लागू झाली होती. त्यामुळे हा महोत्सव आंतरजालावरच साजरा झाला. टेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील हा परिसर अपंगांच्या हक्कांच्या इतिहासात नवा नाही. याच काठावर, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, लंडन वीकएंड टेलिव्हिजन या कंपनीची इमारत होती. १८ जुलै १९९२ रोजी तिच्यासमोरच्या रस्त्यावर एक हजाराहून अधिक अपंग स्त्री-पुरुष एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाला विरोध करण्यासाठी जमले होते.

या दोन घटनांमध्ये साडेअठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या प्रसंगी अपंग लोक रस्त्यावर होते आणि पडद्यावर त्यांच्याविषयीची कणव होती. दुसऱ्या प्रसंगी रस्ते ओस होते आणि पडद्यावर ते स्वतः होते. आंतरजालावरील कलामहोत्सवाकडे साथीच्या काळातील तात्पुरती सोय म्हणून किंवा जुन्या लढ्याचा गौरवसोहळा म्हणून पाहण्याची रीत रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात त्याहून वेगळी मांडणी करावयाची आहे. ब्रिटनमधील ही चळवळ ‘पडदा कोणाच्या हाती असावा’ या वादातूनच मोठी झाली. त्यामुळे आंतरजालावरील महोत्सव हा त्या इतिहासाचा उत्सव असण्याआधी त्या इतिहासाचाच एक भाग ठरतो, आणि म्हणून त्याची चिकित्साही इतिहासाच्या निकषांवर व्हावयास हवी.

एका शब्दाविषयी

विषयाकडे वळण्यापूर्वी एका अडचणीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ब्रिटिश चळवळीची सारी मांडणी दोन संकल्पनांच्या भेदावर उभी आहे. एक, शरीरातील वा मनातील उणीव. तिला आपण ‘व्यंग’ म्हणू. दुसरी, त्या व्यंगामुळे नव्हे तर समाजाच्या रचनेमुळे वाट्याला येणारी अडवणूक. तिच्यासाठी ‘अपंगत्व’ हा शब्द वापरावा लागतो. पायांत बळ नसणे हे व्यंग होय. इमारतीला केवळ पायऱ्याच असणे हे अपंगत्व होय. या अर्थाने अपंग व्यक्ती म्हणजे समाजाने अपंग केलेली व्यक्ती. मराठीत हा भेद उतरवणे कठीण जाते. ‘अपंग’, ‘विकलांग’ आणि अलीकडे शासनमान्य झालेला ‘दिव्यांग’ या तिन्ही शब्दांचा रोख शरीराकडेच आहे. पहिले दोन शब्द शरीरात उणीव पाहतात, तिसरा त्यात दिव्यत्व पाहतो. दाराशी असलेल्या पायरीकडे मात्र तिघांचेही लक्ष जात नाही. पर्यायी शब्द रूढ नसल्यामुळे या लेखात ‘अपंग’ हाच शब्द वर सांगितलेल्या अर्थाने योजला आहे.

निवासगृहातून आलेले पत्र

२० सप्टेंबर १९७२ रोजी ‘द गार्डियन’ या दैनिकात पॉल हंट यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. गंभीर शारीरिक व्यंग असलेल्या लोकांना एकाकी निवासगृहांत ठेवले जाते, तेथे त्यांच्या इच्छेला किंमत नसते, तेव्हा अशा लोकांनी स्वतःची संघटना उभारावी, असे आवाहन त्यात होते. हंट यांनी स्वतः हॅम्पशायरमधील ‘ले कोर्ट’ या निवासगृहात अनेक वर्षे काढली होती. लेनर्ड चेशायर या माजी वैमानिकाने दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू केलेल्या निवासगृहांपैकी ते पहिले होय. महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी, की चेशायर यांच्या कार्याची ब्रिटनबाहेरील पहिली शाखा १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईतील अंधेरी येथे उघडली. ज्या व्यवस्थेविरुद्ध हंट लिहीत होते ती सद्हेतूने उभारलेली आणि जगभर वाखाणलेली व्यवस्था होती, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या पत्राचे धाडस उमगत नाही. क्रौर्याविरुद्ध दाद मागणे तुलनेने सोपे असते. उपकाराविरुद्ध तक्रार करणाऱ्याला कृतघ्न ठरवले जाते.

ले कोर्टमधील रहिवाशांनीच संशोधकांना पाचारण केले होते. एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन या संशोधकद्वयाचा ग्रंथही १९७२ मध्येच प्रसिद्ध झाला. अशा संस्थांत दाखल होणारी व्यक्ती सामाजिक दृष्ट्या मृतच असते आणि या सामाजिक मृत्यूपासून प्रत्यक्ष मृत्यूपर्यंतचा काळ निभावून नेणे हे संस्थेचे काम होय, असा या अभ्यासाचा सूर होता. तज्ज्ञ आपल्या बाजूचे नाहीत, हा धडा हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून घेतला.

पत्रातून जी संघटना उभी राहिली तिने १९७६ मध्ये आपली मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. व्यंग आणि अपंगत्व यांतील उपरोक्त भेद तेथे प्रथमच नि:संदिग्ध शब्दांत मांडला गेला. संघटनेचे एक प्रमुख विचारवंत व्हिक फिंकेलस्टाईन हे दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी लढ्यात तुरुंगवास भोगून ब्रिटनमध्ये आले होते. गोऱ्यांसाठी एक दार आणि काळ्यांसाठी दुसरे, ही व्यवस्था त्यांनी पाहिलेली होती; अपंगांसाठी मागचे दार ही त्यांना वेगळी गोष्ट वाटली नाही. पुढे १९८३ मध्ये माईक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सामाजिक प्रतिमान’ हे नाव दिले.

रंगमंचाची भूमिका

विचार पुस्तिकेत राहिला तर चळवळ होत नाही. विशेष शाळा, रुग्णालये आणि निवासगृहे यांत विखुरलेल्या माणसांनी एकमेकांना भेटणे ही पहिली गरज होती, आणि ही गरज राजकीय सभांपेक्षा कलेने अधिक भागवली, असे माझे मत आहे. १९८० मध्ये नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी ‘ग्रेई’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. १९८६ मध्ये ‘लंडन डिसॅबिलिटी आर्ट्स फोरम’ ही संस्था अस्तित्वात आली. तिच्या प्रारंभीच्या काळातच, १९८७ मध्ये, फिंकेलस्टाईन यांनी अपंगांच्या स्वतंत्र संस्कृतीची आवश्यकता प्रतिपादन केली होती.

या संस्कृतीचे स्वरूप मात्र अभिजनांना रुचेल असे नव्हते. गाणी, विनोदी एकपात्री प्रयोग आणि नकला यांचे मिश्र कार्यक्रम लहानशा सभागृहांत होत. डॉक्टर, समाजसेवक, देणगीचे डबे आणि सहानुभूतीने डोक्यावरून हात फिरवणारे अनोळखी लोक हे त्यांतील थट्टेचे विषय. ॲलन होल्ड्सवर्थ हे ‘जॉनी क्रेसेंडो’ या नावाने गात, बार्बरा लिसिकी विनोदी प्रयोग सादर करीत, इयन स्टँटन गीते रचीत. प्रेक्षकांत बसलेल्या माणसाला आपल्या अनुभवावर हसणारी दुसरी माणसे तेथे प्रथमच दिसत. जी गोष्ट आजवर वैयक्तिक शरम म्हणून गिळली ती सामाईक आहे, हे त्या हशातून कळे. व्यासपीठावर चढण्यासाठी उतरण असणे, कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी असणे या गोष्टी त्या कार्यक्रमांच्या पूर्वअटी होत्या. तीस वर्षांनंतरच्या महोत्सवाची बीजे येथे आहेत.

टेलिथॉन

१९८८, १९९० आणि १९९२ या वर्षी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने ‘टेलिथॉन’ नावाचा सत्तावीस तासांचा अखंड कार्यक्रम प्रसारित केला. नामवंत कलावंतांची गाणी, खेळ, विनोद आणि अधूनमधून गरजूंच्या करुण कहाण्या, असा तो बेत असे. जमणारा निधी अपंगांसह विविध वंचित घटकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जाई. तोही एक कलामहोत्सवच होता, आणि तोही पडद्यावरचाच. फक्त त्यातील अपंग व्यक्तीचे काम कारुण्य निर्माण करण्याइतकेच होते. कॉलिन बार्न्स यांनी १९९२ मध्ये प्रसारमाध्यमांतील अपंगांच्या प्रतिमांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या करुण प्रतिमेवर सविस्तर टीका आढळते. देणगी मिळवण्यासाठी व्यक्ती जितकी असहाय दिसेल तितके चांगले. परंतु जी व्यक्ती असहाय दिसते तिला नोकरी कोण देईल, घर भाड्याने कोण देईल, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

लिसिकी आणि होल्ड्सवर्थ यांनी टेलिथॉन रोखण्याची मोहीम उभारली. १९९० मधील निदर्शने त्या मानाने लहान होती. १९९२ मध्ये मात्र रस्ता भरून गेला. ‘पिस ऑन पिटी’ हे घोषवाक्य छापलेले सदरे याच आंदोलनात प्रसिद्धीस आले. दयाबुद्धीचा शक्य तितक्या असभ्य भाषेत धिक्कार करणारे ते तीन शब्द होते. सभ्य मराठीत त्यांचे भाषांतर करण्याचा मोह येथे टाळला आहे, कारण त्यांचे सारे बळ त्या असभ्यपणातच होते. दयेचा विषय झालेल्या माणसाकडून जगाला नम्रतेची अपेक्षा असते. ती अपेक्षा मोडणे हाच उद्देश होता.

याच मोहिमेच्या प्रचारासाठी शिल्पकार टोनी हीटन यांनी देणगी गोळा करण्याच्या सतराशेहून अधिक डब्यांचा मनोरा रचला आणि एक कृत्रिम पाय फेकून मारून तो कोसळवला. ही कलाकृती म्हणावी की निदर्शन, हा प्रश्न समीक्षकांना पडू शकतो. तेथे उपस्थित असलेल्यांना तो पडला नसावा.

१९९२ नंतर टेलिथॉन पुन्हा झाला नाही. चळवळीच्या आठवणींत हे श्रेय साहजिकच आंदोलनाला दिले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे सावध राहावे. त्या वर्षी देणग्यांची रक्कमही घटली होती आणि वाहिनीची अंतर्गत रचना बदलण्याच्या मार्गावर होती. आंदोलन हे एकमेव कारण होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु ज्यांच्या नावाने निधी जमतो तेच लोक दाराशी निषेध करीत आहेत, या दृश्यानंतर तसा कार्यक्रम पूर्वीच्या निष्पाप चेहऱ्याने करणे कोणालाही शक्य राहिले नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

या लोकांतून १९९३ मध्ये ‘डिसेबल्ड पीपल्स डायरेक्ट ॲक्शन नेटवर्क’ हा गट निर्माण झाला. चाकाच्या खुर्चीला जागा नसलेल्या बसगाड्यांना स्वतःला बेड्यांनी जखडून घेणे हे त्याचे गाजलेले तंत्र होते. दरम्यान संसदेत भेदभावविरोधी खाजगी विधेयके १९८२ पासून एकामागून एक अयशस्वी होत होती. १९९४ मध्ये रॉजर बेरी यांचे विधेयक सरकारपक्षाने वेळकाढूपणा करून बुडवले. संबंधित मंत्री निकोलस स्कॉट यांची कन्या व्हिक्टोरिया स्कॉट या स्वतः अपंग हक्कांच्या क्षेत्रात कार्यरत होत्या आणि त्यांनी वडिलांवर जाहीर टीका केली. स्कॉट यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या विल्यम हेग यांनी सरकारी विधेयक आणले आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘डिसॅबिलिटी डिस्क्रिमिनेशन ॲक्ट’ संमत झाला. भारताच्या संसदेनेही डिसेंबर १९९५ मध्येच अपंग व्यक्तींसाठी समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि पूर्ण सहभाग यांचा कायदा संमत केला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

ब्रिटनमधील आंदोलकांनी या कायद्याचे स्वागत केले नाही. त्यांना संपूर्ण नागरी हक्कांचा कायदा हवा होता. मिळाला तो अपवादांनी भरलेला होता आणि त्याची अंमलबजावणी पाहणारा आयोग त्यात नव्हता. असा आयोग २००० मध्ये कार्यरत झाला. पुढे २०१० च्या समता कायद्याने उत्तर आयर्लंड वगळता सर्वत्र १९९५ च्या कायद्याची जागा घेतली. या वर्धापनदिनांचे सोहळे आज होतात तेव्हा मूळ नाराजीचा विसर पडतो, ही उत्सवी इतिहासाची एक जुनी खोड आहे.

सभागृहात प्रवेश

२०१२ मध्ये लंडन येथे ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. त्यांच्या सांस्कृतिक कार्यक्रमाचा भाग म्हणून ‘अनलिमिटेड’ योजनेखाली अपंग कलावंतांच्या २९ नव्या कलाकृतींना अर्थसाहाय्य देण्यात आले आणि त्यांचे सादरीकरण साउथबँक सेंटरमध्ये झाले. पॅरालिम्पिकच्या उद्‌घाटन सोहळ्याचे दिग्दर्शन ब्रॅडली हेमिंग्ज यांच्यासमवेत ‘ग्रेई’च्या जेनी सीली यांनी केले. रस्त्यावरची माणसे आता सभागृहात आली होती.

त्याच ऑगस्ट महिन्यात दुसऱ्या काही अपंग व्यक्ती लंडनच्या रस्त्यांवर निदर्शने करीत होत्या. अपंगांना मिळणाऱ्या भत्त्यांसाठी कार्यक्षमतेची तपासणी करण्याचे सरकारी कंत्राट ज्या ‘अटोस’ कंपनीकडे होते तीच कंपनी पॅरालिम्पिकची पुरस्कर्ती होती. एकीकडे अपंगांच्या सामर्थ्याचा गौरव आणि दुसरीकडे त्यांच्या भत्त्यांना कात्री, हे एकाच वेळी चालले होते. उत्सव आणि हक्क यांची दिशा एकच असते असे गृहीत धरता येत नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

साथीच्या काळातील पडदा

२०२० मध्ये साथ आली तेव्हा तिचा घाव सर्वांवर सारखा पडला नाही. इंग्लंडमध्ये २४ जानेवारी ते २० नोव्हेंबर २०२० या काळात कोविडशी संबंधित मृत्यूंपैकी सुमारे ६० टक्के मृत्यू अपंग व्यक्तींचे होते, असे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने दाखवून दिले. अभ्यासलेल्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. साऱ्या महोत्सवावर या आकड्यांची छाया होती. जून २०२० मध्ये अपंग कलावंतांनी ‘वुई शॅल नॉट बी रिमूव्हड’ ही मोहीम सुरू केली. ‘आम्हाला हटवता येणार नाही’ या शब्दांत कलाक्षेत्रातील नोकऱ्या आणि अनुदाने यांची मागणी तर होतीच; पण त्या उन्हाळ्यात त्यांचा अर्थ अधिक शब्दशः घेतला जाणे स्वाभाविक होते.

‘ग्रेई’ने ‘क्रिप्स विदाउट कन्स्ट्रेंट्स’ या मालिकेतून लघुनाट्ये आंतरजालावर आणली. नोव्हेंबर २०२० मध्ये बीबीसीने १९९५ च्या कायद्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने ‘क्रिप्टेल्स’ ही सहा स्वगतांची मालिका दाखवली. तिचे संयोजन मॅट फ्रेझर यांनी केले होते आणि लेखन-अभिनय अपंग कलावंतांचाच होता. पाठोपाठ जानेवारीत ‘अनलिमिटेड’ झाला.

आंतरजालावरच्या अशा कार्यक्रमांत उपशीर्षके, ब्रिटिश सांकेतिक भाषेतील अनुवाद आणि अंध प्रेक्षकांसाठी दृश्यांचे शाब्दिक वर्णन यांचा विचार कलाकृतीच्या रचनेबरोबरच केला जातो. प्रकृतीमुळे अंथरुणाला खिळलेली व्यक्ती पूर्वी ज्या सभागृहात कधीच पोहोचली नसती, तेथील कार्यक्रम ती आता पाहू शकत होती. घरून काम, घरून शिक्षण, घरून सहभाग या ज्या सवलती अपंगांनी वर्षानुवर्षे मागूनही अव्यवहार्य म्हणून नाकारल्या गेल्या होत्या, त्या सर्वांनाच गरज पडताच काही आठवड्यांत व्यवहार्य ठरल्या, हा उपरोध चळवळीच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

याच महिन्यांत घडलेली दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. इंग्लंडमध्ये पंतप्रधान कार्यालयातून साथीविषयी जी थेट निवेदने प्रसारित होत, तेथे व्यासपीठावर सांकेतिक भाषेचा दुभाषी नव्हता. एका कर्णबधिर महिलेने त्याविरुद्ध दावा दाखल केला आणि जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने २०२० मधील दोन निवेदनांबाबत सरकारने समता कायद्याचा भंग केल्याचा निर्णय दिला. तुटपुंज्या साधनांनी चालणाऱ्या कलासंस्थांना जे जमले ते जीवन-मरणाची माहिती देणाऱ्या शासनाला जमले नव्हते. ब्रिटिश सांकेतिक भाषेला मान्यता देणारा कायदा एप्रिल २०२२ मध्ये झाला.

तथापि पडद्यालाही उंबरठा असतो. २०१९ च्या अधिकृत आकडेवारीनुसार ब्रिटनमधील प्रौढ अपंगांपैकी ७८ टक्के लोक आंतरजाल वापरत होते. उरलेल्यांसाठी जानेवारी २०२१ चा महोत्सव झालाच नाही, असे म्हणावे लागेल. पॉल हंट यांनी ज्यांच्यासाठी पत्र लिहिले त्या निवासगृहांतील रहिवाशांपैकी किती जण या उरलेल्यांत असतील, हा प्रश्न महोत्सवाच्या यशाचे मोजमाप करताना बाजूला सारता येणार नाही. शिवाय रस्ता अडवणाऱ्या हजार माणसांची दखल पोलिसांना, वाहिनीला आणि वाटसरूंना घ्यावीच लागली होती. संगणकाची खिडकी मात्र ज्याला नको त्याला एका बोटाने मिटवता येते. गैरसोय निर्माण करणे हे या चळवळीचे मुख्य शस्त्र होते, आणि आंतरजालावर नेमके तेच बोथट होते.

संग्रह

हा इतिहास महोत्सवांना उपलब्ध झाला याचे बरेचसे श्रेय ‘राष्ट्रीय अपंग कला संग्रह’ या प्रकल्पाला आहे. ‘शेप आर्ट्स’ या संस्थेने राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून तो उभारला आणि २०१८ मध्ये खुला केला. साडेतीन हजारांच्या आसपास चित्रे, भित्तिपत्रके, ध्वनिमुद्रणे आणि वस्तू यांची नोंद त्याच्या आंतरजालावरील सूचीत आहे. प्रत्यक्ष संग्रह बकिंगहॅमशायर न्यू युनिव्हर्सिटीत आहे. डब्यांचा मनोरा पाडणारे टोनी हीटन हेच या संग्रहाचे संस्थापक, हे वाचून वाचकाला आश्चर्य वाटू नये; चळवळीतील माणसांनी आपला इतिहास परक्या हाती जाऊ दिला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हीटन यांचे १९९४ चे एक शिल्प जुन्या चाकाच्या खुर्च्यांचे भाग जोडून केलेला ग्रेट ब्रिटनचा नकाशा आहे.

मार्च २०२२ मध्ये बीबीसीने ‘देन बार्बरा मेट ॲलन’ हे नाट्य प्रसारित केले. लिसिकी आणि होल्ड्सवर्थ यांची भेट, टेलिथॉनविरोधी मोहीम आणि कायद्यासाठीचा लढा यांवर ते आधारित आहे. जॅक थॉर्न यांच्याबरोबर ते लिहिणाऱ्या जेनेव्हिव्ह बार या कर्णबधिर आहेत आणि रूथ मॅडली व आर्थर ह्यूज हे दोन्ही प्रमुख कलावंत अपंग आहेत. टेलिथॉन जेथून प्रसारित झाला ती नदीकाठची इमारत आयटीव्हीने २०१८ मध्येच सोडली होती. ‘अनलिमिटेड’ महोत्सव सप्टेंबर २०२२ मध्ये साउथबँक सेंटरच्या सभागृहांत परतला.